बारा रोलांचे वर्ष

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या पेढीतली हळद भिजली. व्यापाऱ्याच्या घराला हे दुःख नवे नव्हते. २००५ च्या महापुराने त्याची ओळख आधीच करून दिली होती. त्या वेळी भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली, तिच्या हातभर वर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सागवानी फळी ठोकून घेतली आणि जपायच्या वस्तू यापुढे तिच्यावर राहतील असा दंडक घातला. जुन्या खतावण्या, घराची कागदपत्रे आणि निगेटिव्हांनी भरलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या त्या फळीवर गेल्या. २०१९ चे पाणी त्या फळीला न जुमानता वर चढले. ते पाहायला अण्णा नव्हते, एवढेच बरे.

अण्णा हळदीचे आडते. पण पेठेत त्यांची दुसरी ओळख कॅमेऱ्याची. आधी आग्फा क्लिक थ्री, मग यशिका मॅट. फिल्म मिळेल ती: पूर्व जर्मनीची ऑर्वो किंवा उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. त्यांनी देखावे काढले नाहीत. पोती उचलणारे हमाल, काट्याजवळ उभा असलेला तोलार, उपरण्याखाली बोटे दाबून चाललेला सौदा, दुपारी पोत्यावर पाठ टेकून झोपलेला गाडीवान, हेच त्यांचे विषय. पेढीच्या पोटमाळ्यावर एक अंधारी खोली त्यांनी उभी केली होती. तांबड्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी इयत्ता चौथीत होतो.

पूर ओसरल्यावर पेट्या उघडल्या. मिरजेच्या एका वृद्ध स्टुडिओवाल्यांना फोन केला, तर पलीकडून पहिले वाक्य आले, "वाळवू नका." ओल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत वाळल्या, की त्या पुन्हा सुटत नाहीत. त्या स्वच्छ, थंड पाण्यात बुडवून ठेवायच्या, पाण्यातच एकेक सोडवायच्या, धुवायच्या आणि टांगून वाळवायच्या. आम्ही घरातली सगळी घमेली आणि टब अंगणात मांडले. आई, पत्नी, दोन्ही मुले आणि पेढीवरचे दोघे असे आम्ही तीन दिवस ते काम करीत होतो. दोरीवर कपड्यांऐवजी अण्णांची पेठ वाळत होती. पण आठवडाभर घाण पाण्यात राहिलेल्या कितीतरी पट्ट्यांवरचा थर हातात घेताच साईसारखा सरकून निघून जाई आणि बोटांत उरे कोरे, पारदर्शक प्लॅस्टिक. सुमारे आठशे निगेटिव्हांपैकी पावणेतीनशे वाचल्या.

याच कामात आईने विचारले, "हे बुळबुळीत काय आहे रे? फोटो यातच असतो का?"

मी सांगितले, की प्लॅस्टिकवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे कण धरून ठेवलेले असतात. तो थर पाण्याने फुगून सुटला आहे.

आईचा हात थांबला. "जिलेटिन म्हणजे माझ्या कॅप्सूलचं तेच का?"

वाचकहो, आपल्या घरांत हा शब्द कसा वावरतो, हे तुम्हांला सांगायला नको. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली, की आई "गोळी किंवा पातळ औषध मिळेल का?" असे विचारते, नाहीच मिळाले, तर दुखणे अंगावर काढते. नातवंडांच्या हातातल्या जेलीच्या पुड्यावरील बारीक अक्षरे भिंग लावून वाचते. आणि मी वीस वर्षे फिल्म वापरली होती. जिलेटिन हा शब्द मी पुस्तकांत शंभरदा वाचला होता. ते जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून करतात, हेही ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट मी घराच्या उंबऱ्याआत आणली नव्हती, इतकेच.

"हो, तेच," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. घमेल्यातल्या उरलेल्या निगेटिव्ह तिने सोडवून संपवल्या, हात धुतले आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी विचारले, "अण्णांना ठाऊक होतं?"

"नसावं."

"आता तुला ठाऊक आहे," ती म्हणाली.

त्यानंतर मी या पदार्थाची नीट माहिती काढली. सुटका होण्याजोगी एखादी वाट सापडेल, हा त्यात हेतू होता. ती सापडली नाही. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि तेव्हापासून फिल्म असो वा कागद, छायाचित्राचा थर याच पदार्थावर उभा आहे. ते थंड पाण्यात विरघळत नाही, फुगते. त्यामुळे डेव्हलपर आत शिरतो, आपले काम करतो आणि धुऊन बाहेर निघतो, तरी चांदीचा कण जागचा हलत नाही. कृत्रिम पदार्थ पुष्कळ तपासले गेले. फिल्ममध्ये त्याची जागा पूर्णपणे कोणी घेऊ शकले नाही. त्यातही एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीच्या सॅम्युएल शेपर्ड या शास्त्रज्ञाने शोधून काढले, की काही जिलेटिनमुळे फिल्म अधिक संवेदनशील होते, त्याचे कारण त्यातले गंधकयुक्त अंश आहेत. मोहरीच्या तेलातल्यासारखे हे अंश जनावराने खाल्लेल्या वनस्पतींमधून आलेले असतात. म्हणजे ते जनावर कुठे चरले, याची खूणही माझ्या फिल्मवर होती.

त्यापूर्वीचा काळ तरी निर्दोष होता का? राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे आपल्या देशातले थोर छायाचित्रकार. हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. सरधन्याच्या जैन जवाहिऱ्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला, हे मात्र फारसे बोलले जात नाही. त्यांच्या काळी प्रिंट काढण्याचा कागद अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला असे. तेव्हा हा पेच माझ्यापासून सुरू झालेला नाही. पण म्हणून तो सुटतही नाही.

माझ्या चुलतभावाने नेहमीचा युक्तिवाद केला, की जिलेटिनसाठी कोणी जनावर मारीत नाही, तो उपपदार्थ आहे. आडत्याच्या घरातल्या माणसाने असे बोलावे, याचे मला नवल वाटले. उपपदार्थालाही भाव असतो. कोंड्याला गिऱ्हाईक आहे म्हणून गिरणीचा हिशेब बसतो, पेंडीला मागणी आहे म्हणून घाणा परवडतो. कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले. ग्राहक कितव्या घरात बसतो, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुलाने सुचवले, "बाबा, डिजिटल घ्या." मी घेतलाही, आणि पेढीची, घरची, सभासमारंभांची सगळी छायाचित्रे आता त्यावरच काढतो. पण अण्णांच्या पावणेतीनशे निगेटिव्ह वाचल्या होत्या, त्यांतली पेठ माझ्या डोळ्यांसमोर मोडत होती, आणि त्याच कॅमेऱ्याने, त्याच काचेतून तिचा उरलेला भाग टिपावा, ही ओढ काही जात नव्हती. ओढ म्हणजे समर्थन नव्हे. मी येथे समर्थन करीत नाही. जे घडले ते सांगतो.

दसऱ्याच्या सुमारास आईनेच विषय काढला. "सोडवत असेल तर सोड. सोडवत नसेल तर मोजून घे. न मोजता काही घ्यायचं नाही, एवढं तरी आपल्याकडे आहे ना?"

परिग्रह-परिमाणाची गोष्ट ती करीत होती. दिवाळीच्या पाडव्याला नव्या रोजमेळाबरोबर मी एक लहान वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिले: वर्षाला १२ रोल, ८ बाय १० इंची कागद ४८. यशिकाच्या १२० फिल्मवर एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे येतात; म्हणजे वर्षाला १४४. हिशेबाच्या दृष्टीने एक सोय अशी, की १२० चा एक रोल आणि ८ बाय १० चा एक कागद यांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे, सुमारे ८० चौरस इंच असते. त्यामुळे रोल आणि कागद एकाच मापाने मोजता येतात. वर्षाचे ६०.

मर्यादा घातली की निवड सोपी होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ती अवघड होते, कारण चुकीला जागा उरत नाही. पूर्वी माझ्या कपाटात आठ प्रकारच्या फिल्म आणि पाच डेव्हलपर असत. ज्याचे लेख वाचावेत, ते मागवावे. दोन रोल काढावेत, समाधान झाले नाही की पुढचे. हा छंद फिल्मचा नव्हता, खरेदीचा होता. आता बारा रोलांत प्रयोग करायला चार घालवले, तर वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. एक फिल्म, एक डेव्हलपर ठरवायचा आणि त्याच्याशी संसार करायचा.

फिल्म ठरवताना मी फिल्मच्या नावापासून नव्हे, पेढीच्या दारापासून सुरुवात केली. आमच्या पेढीत उजेड येतो तो एका दारातून. दारापासून दहा फुटांवर काट्याजवळ तोलार उभा असतो. तिथे ४०० वेगाच्या फिल्मला लेन्सचे छिद्र एफ ४ ठेवून शटर एक तीसांश सेकंद लागते. हात स्थिर धरला तर तेवढे जमते. १२५ वेगाच्या फिल्मला तिथेच एक अष्टमांश सेकंद हवा. तेवढ्यात तोलाराने तीनदा मान हलवलेली असते. संथ फिल्मचा दाणा बारीक असतो, तिची चित्रे नितळ येतात, हे खरे. पण हललेल्या नितळ चित्राचे करायचे काय? शिवाय १२० ची निगेटिव्ह मोठी, सव्वादोन इंचांची. कागदाच्या आकारापर्यंत ती साडेतीनपट वाढवली, तर ४०० च्या फिल्मचा दाणा नजरेला खुपत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

४०० मध्येही पर्याय पुष्कळ. टी-मॅक्स किंवा डेल्टा या नव्या धर्तीच्या फिल्मचे दाणे चपटे, चित्र अधिक नाजूक; पण डेव्हलपिंगच्या वेळेत किंवा तापमानात थोडी चूक झाली, तर त्या लगेच हिशेब मागतात. ट्राय-एक्स आणि एचपी-५ प्लस या जुन्या वळणाच्या फिल्म क्षमाशील. त्या दोहोंत मी एचपी-५ घेतली, त्याचे कारण कलेशी संबंधित नाही: मला पुरवठा करणाऱ्या दुकानात ती बारा महिने मिळते. जो वाण वर्षभर मिळत नाही, त्याच्यावर गिऱ्हाईक बांधू नये, हे अण्णांचे वाक्य हळदीबद्दलचे होते.

डेव्हलपरच्या बाबतीत सांगलीचे हवामान मध्ये पडले. पुस्तकांत सगळ्या वेळा २० अंशांसाठी दिलेल्या असतात. आमच्या नळाचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे सोडले तर २० अंशांवर कधी येत नाही. मे महिन्यात ते ३१ होते. पाणी जितके गरम, तितके डेव्हलपिंग वेगाने होते आणि जिलेटिनही तितके मऊ पडते. काही वर्षांपूर्वी एकदा मी मे महिन्यात आळसाने बर्फ न घालता रोल धुतला आणि पुढच्या टप्प्याला फ्रिजमधले पाणी वापरले. सगळा थर वाळलेल्या सायीसारखा सुरकुतला. भाचीच्या साखरपुड्याचा रोल होता तो. तिला आजतागायत मी रोल हरवल्याचे सांगितले आहे. आता हे वाचून तिला कळेल.

तर गरम मुलुखात डेव्हलपर असा हवा, की ज्याची वेळ फार आखूड होणार नाही. पाच मिनिटांच्या खाली वेळ गेली, की चित्र सर्वत्र सारखे उमटत नाही. एचपी-५ ला डी-७६ जातीच्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांना ती सव्वापाचावर येतात. हेच द्रावण समभाग पाणी घालून वापरले, तर २० अंशांना १३ मिनिटे आणि २४ अंशांना सुमारे ९. एवढी सवड मला पुरते. बर्फ घालून टबचे पाणी २४ वर आणणे सांगलीत शक्य आहे. २० वर आणून तिथे टिकवणे म्हणजे पाण्याशी भांडण.

रॉडिनलचा मोह मला बराच काळ होता. १८९१ पासून चालत आलेले हे औषध बाटलीत वर्षानुवर्षे टिकते आणि थेंबाथेंबाने पुरवता येते. काटकसरी माणसाला दुसरे काय हवे? पण त्यात सल्फाइट कमी असल्यामुळे दाणा कडक, टोकदार येतो. हमालाच्या घामेजल्या खांद्यावर तो शोभतो, आईच्या गालावर नाही. डी-७६ हा १९२७ च्या सुमाराचा, कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांच्या नावे सांगितला जाणारा पाठ. त्यात सोडियम सल्फाइट भरपूर, ते दाण्याची धार थोडी बोथट करते. समभाग पाणी घातले की तेही निम्मे होते आणि चित्राला पुन्हा थोडा कस येतो. मला हे मधले स्थान मानवले.

त्याचा पाठ उघड आहे आणि तो मी घरीच करतो. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी ५० अंशांच्या आसपास. मेटॉल आधी विरघळवायचे, कारण सल्फाइट पाण्यात शिरल्यावर ते नीट विरघळत नाही. आणि हातमोजे घालायचे, कारण मेटॉलने अनेकांच्या हातांना खाज सुटते. दोन ग्रॅम तोलायला हळदीचा काटा कामाचा नाही. सोनाराकडचा जुना छोटा काटा विकत घेतला, तो या कामाखेरीज कशालाही लावत नाही. भांडीही वेगळी, स्वयंपाकघराच्या दाराबाहेरची. तयार द्रावण २५० मिलिलिटरच्या चार बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायचे, म्हणजे आत हवा राहत नाही. एक बाटली आणि तेवढेच पाणी मिळून ५०० मिलिलिटर, म्हणजे बरोबर एक रोल. चार रोलांना एक लिटर, वर्षाला तीन लिटर. उरत नाही, पुरत नाही असेही होत नाही.

पाण्याचे मात्र माझ्या घरीच उत्तर होते आणि मला वीस वर्षे दिसले नव्हते. आमच्या बोअरचे पाणी जड. पुस्तके सांगतात, की डेव्हलपरसाठी पाणी उकळून, गार करून, गाळून घ्यावे; उकळल्याने त्यातला क्षार तळाशी बसतो आणि विरलेली हवा निघून जाते. आई रोज सकाळी नेमके हेच करते, अर्थात वेगळ्या कारणासाठी. आता तिच्या पिंपातले पाणी मी एका तांब्याने मोजून मागतो. ती देते. "कशासाठी?" असे विचारत नाही.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतत नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती नदीतल्या जिवांना बाधते. एका कॅनमध्ये तो साठवून त्यात लोखंडी तारेचा काथ्या टाकून ठेवतो. लोखंड विरघळते, चांदी गाळ होऊन तळाशी बसते. जवाहिऱ्या मित्राला दाखवली, तर तो हसला. एवढ्या चांदीत नथीची तारही व्हायची नाही, म्हणाला.

फिल्म आणि डेव्हलपर हे एकच ठरवणे आहे, हे मला बारा रोलांनी शिकवले. सावलीत काय दिसेल, ते प्रकाश किती दिला यावर ठरते. उजळ भाग कसा दिसेल, ते डेव्हलपिंग किती केले यावर. आमच्या पेढीत काळसर सागवानी कपाट आणि पांढरी सुती साडी एकाच चौकटीत येतात. म्हणून ४०० ची फिल्म मी २५० ची समजून मोजतो, कपाटाच्या कोपऱ्यातल्या वह्या दिसाव्यात म्हणून. आणि ९ ऐवजी ८ मिनिटे डेव्हलप करतो, साडीचा पोत जळू नये म्हणून. पहिल्या वर्षी हे बसवायला तीन रोल लागले. वहीत त्यांची नोंद "शिकवणी" अशी आहे.

पांढरी साडी मी अंदाजाने म्हणतो, असे नाही. अंगणातल्या त्या दिवसापासून आई फिल्मवर बसायला तयार नव्हती. "मोबाइलवर काढ," म्हणायची, आणि मोबाइलवर काढायला गेलो की हसायची. अण्णांनी काढलेले तिचे बहुतेक फोटो त्या पाण्यात गेले. आज तिचे वय एक्क्याऐंशी. मी आग्रह केला नाही; कोणत्या तोंडाने करणार?

गेल्या आश्विनात, वर्ष संपायला चार दिवस असताना, बाराव्या रोलचे शेवटचे चित्र कॅमेऱ्यात उरले होते. सकाळी ती मागच्या दाराशी पाणी गाळीत बसली होती. कपड्यावरून पाण्याची धार पिंपात पडत होती आणि उजेड डावीकडून येत होता. मी कॅमेरा घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. तिने पाहिले.

"किती उरले?"

"एक."

"आणि वर्ष?"

"चार दिवस."

ती परत पाण्याकडे वळली. "मग वाया कशाला घालवतोस?"

एफ ४, एक तीसांश. रोल त्याच पाण्यात धुतला, आठ मिनिटे. कागद अठ्ठेचाळिसावा. वाळल्यावर तिच्या हातात दिला, तर तिने चष्मा लावून दाराच्या उजेडात बराच वेळ पाहिला.

"पदर नीट घ्यायला सांगायचं होतंस," ती म्हणाली.